साळिंदरबाईंची तिसरी गिरकी

एका जंगलात थंडी फार पडायची. इतकी, की माघ महिन्यात तिथलं तळं काठापर्यंत गोठून जायचं. हे जंगल नकाशावर नेमकं कुठे आहे, असं विचारणाऱ्या हुशार मुलांनी पुढची गोष्ट ऐकू नये. बाकीच्यांनी जवळ सरकून बसावं.

तर त्या तळ्यावर दर माघात जोडीनं नाचण्याची स्पर्धा व्हायची. पायांना बांबूच्या गुळगुळीत पट्ट्या बांधायच्या, एकमेकांचा हात धरायचा आणि घसरत, गिरक्या घेत नाचायचं. परीक्षक हत्ती. तो काठावर बसून सरावही बघायचा आणि गुणही द्यायचा, कारण तो बर्फावर उतरला असता तर स्पर्धा तिथेच बुडाली असती. गुण देणाऱ्यांनी कोरडं राहायचं, ही चाल तेव्हापासूनची आहे.

शेवटच्या जोडीला खराटा मिळायचा. मग पुढचा सबंध हंगाम त्यांनी तळं झाडायचं. नाचायचं नाही.

या जंगलात रत्नप्रभा नावाच्या एक साळिंदरबाई होत्या. नाच म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांचे जोडीदार होते धोंडोपंत कासव. दोघं तीन वर्षं एकत्र नाचत होते आणि तीन वर्षं एकाच जागी आपटत होते. पहिली गिरकी छान व्हायची. दुसरी त्याहून छान. तिसरी बरोबर हत्तीसमोर. तिथे धोंडोपंत हात कवचात ओढून घेत आणि बाई धपकन खाली.

यंदा हत्तीनं बजावलं होतं, "पुन्हा पडलात तर खराटा."

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. पण गोठलेलं तळं कुठून वाकडं असणार? म्हणून बाईंनी दोष जोडीदाराला दिला. त्यात हसण्यासारखं काही नाही. ही गोष्ट सांगणाऱ्यानंही आजवर चार न्हावी बदलले. चौघांनाही नावं ठेवून झाली, टक्कल आहे तिथेच आहे.

"धोंडोपंत, तुम्ही ऐन वेळी हात आत घेता," बाई म्हणाल्या. "मी आता दुसरा जोडीदार बघते."

"बरं," धोंडोपंत म्हणाले.

एवढंच. कावळ्यांनी मात्र झाडाझाडावर सांगितलं की दोघांत कलाविषयक मतभेद झाले असून दोघांनी समजुतीनं निर्णय घेतला आहे. ते मतभेद कोणते, हे ऐकायला धोंडोपंतही झाडाखाली थांबले होते.

नवा जोडीदार मिळाला तरंग. पाणमांजर. तरणाबांड, चपळ, अंगानं मऊ. पहिल्या दिवशी पहिली गिरकी अशी झाली, की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरीला काठावरच्या माकडांनी टाळ्या वाजवल्या. तिसरीला तरंग "आई गं" म्हणाला आणि त्यानं हात सोडला. बाई पोटावर घसरत गेल्या त्या थेट करवंदाच्या जाळीत.

"हात का सोडलास?" जाळीतून आवाज आला.

"काटा लागला, ताई."

"कुणाचा?"

तरंगनं तळ्यावर इकडेतिकडे पाहिलं. तिथे बाभूळ नव्हती. निवडुंगही नव्हता. तो थोरामोठ्यांचा मान राखणारा होता, म्हणून गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बाई एका घुबडाकडे सल्ला मागायला गेल्या. घुबड म्हणालं, "तुमच्यात दोष नाही. तुमच्या तेजाला झेपेल असा जोडीदार अजून जन्मायचाय." बाईंना सल्ला फार आवडला. स्पर्धेला मात्र सहा दिवस उरले होते, आणि तेवढ्यात तो जन्मून मोठा होण्यासारखा नव्हता.

इकडे धोंडोपंतांना दुसरी जोडीदारीण मिळाली नव्हती. जोडीवाचून तळ्यावर यायची एकच वाट होती, म्हणून त्यांनी आपणहून खराटा हाती घेतला होता. एका सकाळी बाई लवकर आल्या, तर ते हत्तीच्या जागेसमोर झाडत होते. कचऱ्याच्या ढिगात काळेपांढरे काटे होते. पुष्कळ होते.

"हे कुणाचे?" बाईंनी विचारलं, पण या वेळी आवाज बारीक झाला होता.

"तुमचेच, बाई. हत्ती दिसला की तुमचे काटे फुलतात. काही गळतात, काही टोचतात."

"तीन वर्षं? मग बोलला का नाहीत?"

"एकदा बोललो होतो. तेव्हा तुम्ही कावळ्यांशी बोलत होतात," धोंडोपंत म्हणाले. "आणि कासवानं हात आत घेतला, तर कारण कोण विचारतं?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी त्या घरी जाऊन खूप रडल्या.

मग त्यांनी एकटीनं सराव सुरू केला. तिसऱ्या गिरकीला हत्तीकडे बघायचं नाही, असं ठरवलं. काटे फुललेच. मग नम्र विचार करून पाहिले. पण 'मी किती नम्र झालेय' असं मनात आलं, की ते दुप्पट फुलत. शेवटी स्पर्धेच्या आदल्या दिवशी ऐन गिरकीत त्यांना करवंदाची जाळी आठवली. पोटावर घसरत गेलेलं ते आपलं ध्यान, आणि वर विचारतंय, कुणाचा काटा. बाईंना हसू फुटलं. काटे मुकाट्यानं खाली बसले.

स्पर्धेत तिसऱ्या गिरकीला बाई खो खो हसल्या. तरंगचा हात सुटला नाही. कुणी पडलं नाही. नाचताना हसणं नियमात बसत नाही म्हणून हत्तीनं गुण कापले, आणि जोडी शेवटून दुसरी आली. खराटा टळला. तरंग आनंदानं नाचतच घरी गेला.

बाई मात्र तळ्यापलीकडे गेल्या. धोंडोपंत काठावर बसले होते.

"पाहिलंत ना?" त्या म्हणाल्या. "आता फुलत नाहीत. पुन्हा नाचाल माझ्याबरोबर?"

"पाहिलं. फार सुंदर झालं," धोंडोपंत म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. त्यांनी हात पुढे केला. बाईंनी तो धरायला आपला हात पुढे केला, तेवढ्यात धोंडोपंतांचा कवचात गेला. त्यांनी पुन्हा बाहेर काढला. पुन्हा आत गेला.

"माफ करा, बाई," ते ओशाळून म्हणाले. "मला पटलंय. हाताला अजून पटत नाहीये."

तात्पर्य: मुलांनो, दोष नेहमी जोडीदाराला द्यावा आणि खुशाल दुसरा बघावा. नवा माणूस पहिल्याच दिवशी ओरडतो, त्यामुळे आपली सुधारणा लवकर होते. जुन्याचा आपल्यावर जीव असतो. त्याच्याकडून काही शिकायला मिळत नाही.