एकवीस मीटर इतिहास

लोस अफिलादोरेस या बँडचा इतिहास कुणाला हवा असेल, तर आमच्या बेरिसो गावात त्याने पुस्तक शोधत बसू नये. सरळ माझ्याकडे यावं. मी नेस्तोर कोवालचुक, वय सत्तावन्न, धंदा कुलपं दुरुस्त करण्याचा. अफिलादोरेस म्हणजे सायकलवरून सुऱ्यांना धार लावत फिरणारे. या चौघांनी मात्र चाळीस वर्षं आमच्या कानांनाच धार लावली आहे. त्यांचा एकही मोठा कार्यक्रम मी चुकवलेला नाही. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मी वेळेवर पोचलो होतो. कार्यक्रमाला. लग्नाला जरा उशीर झाला.

आणि माझ्या शब्दावर भरवसा नसेल तर माझा झेंडा बघा! ट्रकवर घालतात त्या जाड कापडाचा, एकवीस मीटर लांब, तीन-तीन मीटरचे सात तुकडे जोडून केलेला. एकेका तुकड्यावर एकेक टप्पा, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत. १९८४, बंदराजवळच्या क्लबात पहिला कार्यक्रम. १९८७, पहिली ध्वनिमुद्रिका. १९९१, पहिलं स्टेडियम. १९९५, फाटाफूट. २००१, समेट. २०१३, पूरग्रस्तांसाठी गायले. सातवा तुकडा मी कोरा ठेवला होता, शेवटासाठी. तो दिवस खरंच येईल असं मनातून वाटत नव्हतं, पण इतिहासकाराने तयारीत असलेलं बरं.

तो दिवस आला. बँडने निरोपाचा कार्यक्रम जाहीर केला, नदीकाठच्या मैदानावर, रविवारी दुपारी. आणि गुरुवारी सकाळी माझ्या फोनवर आवाज आला. सुर्दोचा! सुर्दो म्हणजे डावखुरा, आमचा गायक, ज्याच्या आवाजावर मी दोन पोरं वाढवली. तो म्हणाला, बेरिसोचा तो झेंडा मला शेवटच्या दिवशी माझ्या पाठीमागे हवा आहे, आम्ही कोण होतो ते लोकांना दिसू दे. मी खुर्चीत बसलो. मग आठवलं की मी आधीच बसलेलो होतो.

लगेच त्यांच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. झेंडा रविवारी दुपारी दोनच्या आत पोचवायचा. नाही जमलं तर एन्सेनादावाल्यांचा लावू, त्यांनी केव्हाच विचारणा केली आहे. एन्सेनादा! खाडीपलीकडचं ते गाव आणि त्यांचा तो बाल्दोमिरो, जो २००३ साली बँडचा चाहता झाला आणि स्वतःला जुना म्हणवतो. मी बाईंना म्हटलं, झेंडा माझ्या सासूबाईंच्या शेडमध्ये घडी घालून ठेवला आहे, चिंता नसावी.

सासूबाई, म्हणजे दोन्या ओतिलिया (थोरल्या बाईंना आमच्याकडे दोन्या म्हणतात), वय शहाऐंशी, आमच्या गल्लीतच राहतात. मी गेलो तेव्हा त्या अंगणात नळीने माते, आमचा कडू हिरवा चहा, ओढत बसल्या होत्या. मी शेड उघडली. आत एक सायकल, दोन बादल्या आणि एक मांजर.

"दोन्या ओतिलिया, माझा झेंडा?"

"वाटून टाकला."

माझ्या कानात शिट्टी वाजली. त्यांनी शांतपणे माते संपवला आणि मग सांगितलं. ऑगस्टअखेर दरवर्षी येणारं सांता रोसाचं वादळ झालं, तेव्हा अर्ध्या गल्लीची छपरं आणि ताडपत्र्या उडाल्या. जाड कापड मिळेना. त्या माझ्याकडे आल्या आणि शेडमधल्या कापडाचं काय करू म्हणून विचारलं. मी मॅच बघत होतो. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. त्यांना योग्य वाटलं. त्यांनी शिवण उसवली आणि सात जणांना एकेक तुकडा दिला.

"नीट उसवली हो," त्या म्हणाल्या. "एक धागा ओढला गेला नाही."

बायको मिर्ता आत स्वयंपाकघरात होती. तिने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, की कुठली मॅच होती. मला आठवेना. गोलसुद्धा झाला नव्हता.

तीन दिवस हाती होते. मी इतिहास गोळा करायला निघालो.

पहिला कार्यक्रम स्तेपान नावाच्या शेतकऱ्याच्या द्राक्षमळ्यात, त्याच्या वाइनच्या पिंपांवर सापडला. एका पिंपाने गळून तो मधोमध जांभळा केला होता. त्याने दिला, पण आधी त्या पिंपातले दोन पेले मला प्यायला लावले आणि यंदाची वाइन कशी झाली आहे ते तीनदा विचारलं. स्टेडियम एका कोंबड्यांच्या खुराड्यावर होतं आणि त्याच्याकडे कसं बघावं हे मला कळेना. समेट आणि पूर बऱ्या अवस्थेत मिळाले. कोरा तुकडा एका दुचाकीवर होता, अजून कोराच, देवाची कृपा.

फाटाफूट गल्लीतल्या नेलिदाच्या बेडरूममध्ये पडदा होऊन लटकत होती. नेलिदा म्हणाली, हा देणार नाही. तिचा नवराही १९९५ सालीच निघून गेला होता आणि रोज सकाळी डोळे उघडले की तो आकडा बघून तिला बरं वाटायचं. मी तिला शपथेवर सांगितलं की परत आणून देईन. तिने तो काढला आणि उघड्या खिडकीकडे असं बघितलं की मलाच अपराधी वाटलं.

राहिली पहिली ध्वनिमुद्रिका. ती चिचो खाटकाच्या दुकानावर छत होऊन बसली होती. चिचो माझा शाळासोबती. पण गिऱ्हाइकांना सावलीची सवय झाली होती, आणि तो हटून बसला. शेवटी शनिवारी दुपारी मी त्याला माझ्या अंगणातली मोठी छत्री आणि दुकानाला नवं कुलूप द्यायचं कबूल केलं, तेव्हा तो शिडी घेऊन आला.

एकेक तुकडा मिळेल तसा मी सासूबाईंकडे पोचवत होतो आणि त्या पायाच्या मशीनवर जोडत होत्या. त्यांनी मला एकदा विचारलंही होतं, की हे कुठल्या क्रमाने जोडू आणि कुठली बाजू वर ठेवू. तेव्हा व्यवस्थापक बाई फोनवर होत्या. त्या म्हणत होत्या की बाल्दोमिरो आपला झेंडा घेऊन मैदानावर येऊन बसलाय. मी फोनवर हात ठेवून म्हटलं... आता तुम्हाला कळलंच असेल मी काय म्हटलं ते.

रविवारी सकाळी झेंडा गुंडाळून तयार होता. एकवीस मीटर कापड उलगडायला आमच्या गल्लीत जागा नाही. मी तो गाडीच्या टपावर बांधला, सासूबाईंना पुढे बसवलं, मिर्ताला मागे, आणि दोनला दहा मिनिटं कमी असताना मैदानावर पोचलो. बाल्दोमिरोच्या नाकासमोरून मी झेंडा नेला. चाळीस वर्षांत इतकं सुख मला झालं नव्हतं.

ते सुख वीस मिनिटं टिकलं.

भर उन्हात, तीस हजार माणसांसमोर, स्टेजच्या मागे दोरीने झेंडा वर चढला आणि उलगडत गेला. सगळ्यात आधी आली फाटाफूट. बँड आधी फुटला! मग जांभळा डाग पडलेला पहिला कार्यक्रम. मग पूर, मग कोंबड्यांची आठवण राखून असलेलं स्टेडियम, मग कोरा तुकडा, मग समेट. आणि सगळ्यात शेवटी, पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या जागी, लालभडक नव्याकोऱ्या रंगात, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत: "चिचो. ताजी आतडी. रविवारीही उघडं."

त्या चिचोने मागची बाजू कोरी बघून तिच्यावर जाहिरात रंगवली होती, आणि त्याच्याशी हुज्जत घालताना मी एकदाही वर बघितलं नव्हतं. आणि सासूबाईंना तीच बाजू योग्य वाटली, कारण तिचा रंग उडालेला नव्हता.

मी एक पाऊल मागे सरकलो. मिर्ताने माझा दंड धरला, सावरायला की पळू नये म्हणून, ते अजून सांगत नाही. मैदानात कुजबुज सुरू झाली. माझ्या मागे बाल्दोमिरो मोठ्याने वाचू लागला. चाळीस वर्षं ज्या माणसावर जीव टाकला, त्याचा शेवटचा दिवस मी खाटकाच्या पाटीखाली आणून ठेवला होता. मला खरोखर रडू आलं.

लोक कशाला बघतायत म्हणून सुर्दो मागे वळला. वरपासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने सगळं वाचलं. मग तो माइककडे आला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "आम्ही आधी भांडलो, वाजवायला नंतर शिकलो." मग त्याने आतड्यांकडे बोट दाखवलं. "आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकेबद्दल तेव्हा एका समीक्षकाने हेच लिहिलं होतं."

तीस हजार माणसं हसली. ड्रमवाल्याने तर काठ्या खाली ठेवल्या आणि डोळे पुसले. मग त्यांनी ठरलेली यादी बाजूला सारली आणि झेंड्याच्या क्रमाने वाजवायला घेतलं. फाटाफुटीची गाणी आधी, शेवटी पहिल्या ध्वनिमुद्रिकेतली, विशीतल्या पोरांनी लिहिलेली. तिथे सुर्दोचा आवाज फाटला आणि उरलेलं गाणं मैदानाने म्हटलं. मी मोठमोठ्याने म्हणत होतो. बाल्दोमिरोसुद्धा. त्याला शब्द येत होते, हे मला मान्य करावं लागतं.

कार्यक्रम संपल्यावर व्यवस्थापक बाई धावत आल्या. सुर्दोला झेंडावाल्यांना भेटायचंय! मी केस सारखे केले. चाळीस वर्षं आरशासमोर तयार केलेलं वाक्य मनात घोळवत आत शिरलो.

सुर्दो टॉवेल घेऊन बसला होता. त्याने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, उठला आणि सरळ सासूबाईंचे दोन्ही हात धरले.

"हे तुम्ही शिवलंत, दोन्या?"

"मला योग्य वाटलं तसं," सासूबाई म्हणाल्या.

त्याने त्यांच्या कपाळाचा मुका घेतला. मग चिचोचं दुकान खरंच रविवारी उघडं असतं का, हे विचारून घेतलं. कोऱ्या तुकड्यावर काय लिहायचं तेही त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, काही लिहू नका, कापड चांगलं आहे, कुणाच्या तरी कामाला येईल. मग कुठे त्याची नजर माझ्याकडे वळली.

"आणि हे कोण?"

मी वाक्य म्हणायला पुढे सरसावलो.

"जावई माझा," सासूबाई म्हणाल्या. "गाडी चालवतो."

सुर्दोने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात, डावा. "मग सावकाश चालव, हं," तो म्हणाला. "आजींना धक्के बसायला नकोत."

मैदानापासून बेरिसोपर्यंत मी ताशी वीसने गेलो. मागून सगळी एन्सेनादा हॉर्न वाजवत होती. पण सुर्दोने मला समोरासमोर आयुष्यात एकदाच काही सांगितलं होतं, आणि ते मी नीट ऐकलं होतं.