तेरवी आधी, साक्षगंध नंतर

लोकशाहीत नागरिकाच्या मूलभूत गरजा दोनच. आपल्या घरच्या लग्नाला कोणीतरी मोठा माणूस यावा ही पहिली, आणि आपल्या घरच्या तेरवीला तोच माणूस पुन्हा यावा ही दुसरी. पाणी, रस्ता, दवाखाना वगैरे किरकोळ बाबींची सोय राज्यघटनेत आणि भाषणांत केलेलीच आहे. त्यासाठी नागरिकाने जीव आटवायची गरज नाही.

हे सत्य भंडारा जिल्ह्यात ज्याला सर्वांत आधी उमगलं, तो मोहाडीचा हेमराज निखारे. घरात पिढ्यानपिढ्या हातमाग, हा मात्र बी.कॉम. होऊन हिशेबनीस झाला. करडीच्या पलीकडे एक तलावाकाठचं गाव आहे (नाव देत नाही, तिथे अजून निवडणुका व्हायच्या आहेत). तिथल्या मच्छीमार संस्थेचे हिशेब तो लिहायचा. संस्थेचा त्या वेळचा अध्यक्ष फार कामाचा माणूस होता. त्याने तलावात चांगलं बीज सोडलं, मासोळीला भाव मिळवून दिला आणि पुढच्याच निवडणुकीत सडकून आपटला. कारण या सगळ्या भानगडीत तो एका बारशाला गेला नव्हता.

हेमराजने त्या दिवशी चष्मा पुसला आणि राजकारणात पडायचं ठरवलं.

जमाखर्चाची शिस्त त्याने माणसांना लावली. सखोल अभ्यासाअंती दर निश्चित झाले. बारशाला गेल्यास बाळाच्या आईचं मत. लग्नाला गेल्यास दोन्ही पक्ष मिळून नऊ मतं (जेवल्यास, न जेवता निघाल्यास उणे चार). तेरवीला गेल्यास अख्खं घर, सुनांसकट. आजाऱ्याला भेटायला जाणं मात्र तोट्याचं, कारण तो बरा झाला तर विसरतो आणि न झाला तर तसंही पुन्हा जावं लागतं. बायको मंजुषा हिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लग्नांना लाल आणि तेरव्यांना निळी खूण करायला घेतली. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या तारखेवर कुठलीच खूण नसे (घरची मतं पक्की धरतात).

या पद्धतीने हेमराज मोहाडीचा नगरसेवक झाला. दुसऱ्यांदाही झाला. त्याने वॉर्डात काय केलं हे विचारणारा माणूस दोन्ही वेळा सापडला नाही, आणि सापडला असता तर त्याच्याही घरी हेमराज जेवून आलेला असता.

मच्छीमार संस्थेचा नवा अध्यक्ष बुधराम मात्र जरा हेकट होता. भेटला की एकच गाणं.

"भाऊ, तलावाची पार खचून राहिली. एखाद्या साली फुटली तं मासोऱ्याई जातीन अन् घरंई जातीन. वरतं कागद लावून द्या ना जी."

"लावू ना, बुधरामभाऊ. पोरीचं कुठं जमलं का?"

मग बुधराम पोरीविषयी बोलू लागे आणि पार, म्हणजे तलावाचा बांध, राहून जाई. अशी पाच वर्षं गेली.

या काळात जिल्हा परिषदेच्या सदस्य शोभाताई एक चमत्कारिक उद्योग करत होत्या. त्या पारीच्या कागदामागे भंडाऱ्याच्या कचेरीत जाऊन बसत. साहेब नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा बसत. मंजुरी मिळाली तेव्हा त्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन पारीवर उभ्या राहिल्या, मुरूम किती पडतो ते बघत. अख्ख्या लग्नसराईत बाई एका मांडवात दिसल्या नाहीत. राजकारणात इतकं अज्ञान क्वचितच बघायला मिळतं.

पुढे विधानसभेची निवडणूक आली. पक्षाने हेमराजला उभं केलं आणि समोर नेमक्या शोभाताई. बाकी गावांचा हिशेब जुळत होता, पण तलावाकाठचं गाव जुळेना. तिथली मतं ज्याची, तो मुंबईला जाणार हे दोघांनाही कळत होतं. हेमराजची झोप उडाली. हरला असता तर त्याला पुन्हा दुसऱ्यांचे हिशेब लिहावे लागले असते.

नेमके त्या गावात एकाच दिवशी दोन कार्यक्रम निघाले. सत्यभामाबाईंच्या नवऱ्याची तेरवी आणि बुधरामच्या पोरीचं साक्षगंध (बाकी महाराष्ट्रात याला साखरपुडा म्हणतात आणि कमी जेवू घालतात). मंजुषाने दारातच बजावलं, "आधीचा मांडव तेरवीचा, मंगचा साक्षगंधाचा. उलटं नका करू जी!"

हेमराजच्या गावोगाव फिरण्याचा एक पक्का नियम होता: मांडवात शिरताना कोणाचं काय आहे हे विचारायचं नाही. विचारलं म्हणजे आपल्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणजे मतं उणे. पण ड्रायव्हरने त्या दिवशी नव्या रस्त्याने गाडी घातली. हा रस्ता दुरुस्त झालेल्या पारीवरून जात होता. पार पक्की झालीय हे हेमराजने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याला शरम वाटली. पण शरम नावे टाकायची की जमा, हे न कळल्यामुळे ती तशीच राहिली. शिवाय त्या गडबडीत एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही: गाडी गावात उलट्या बाजूने शिरली होती. कामं झाली की असे घोटाळे होतात.

दोन्ही मांडव एकाच डेकोरेशनवाल्याचे, पांढऱ्या-निळ्या कापडाचे. हेमराज पहिल्या मांडवात मान खाली घालून शिरला, सतरंजीवर टेकला आणि चेहरा न बघताच त्याने समोरच्या बुधरामचे दोन्ही हात धरले.

"भाऊ, लय वाईट झालं. आता कोणाच्या हातात काय असते? मन घट्ट करा."

बुधरामने वरपक्षाकडे पाहिलं. वरपित्याने आपल्या पोराकडे पाहिलं. पोराने बुटांकडे पाहिलं.

"काहून जी? पोराचं काही ऐकलं का तुमी?" बुधरामची बायको शकुन हिने घाबरून विचारलं.

तेवढ्यात हेमराजची नजर वर गेली. समोर हिरव्या साडीतली मुलगी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती.

इथे खरा हिशेबनीस दिसतो. चुकलेली नोंद खोडायची नसते, तिच्यासमोर उलटी नोंद करून ती जिरवायची असते. हेमराजने बुधरामचे हात सोडले नाहीत. उलट तो हुंदके देऊन रडू लागला.

"पोरगी परक्या घरी चालली, भाऊ! बापासाठी याच्याहून वाईट काय असते?"

शकुन रडली. बुधराम रडला. वरपितासुद्धा रडला (त्याला पोरगी नव्हती). असा माणूस आपल्या गावाने आजवर पाहिला नाही यावर एकमत झालं. रडून लाल झालेले डोळे तसेच घेऊन हेमराज शेजारच्या तेरवीत गेला, आणि ते डोळे तिथेही पूर्ण किमतीला लागले.

पुढच्या आठवड्यात शोभाताई गावात मतं मागायला आल्या. सत्यभामाबाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, माह्या म्हाताऱ्याच्या तेरवीले काहून नाई आली?"

"आजी, त्याच दिवशी पारीच्या पलीकडच्या टोकाला सांडव्याचं काम होतं. नसतं झालं तर तुमच्याच घरात पाणी आलं असतं."

"पानी नाई आलं ते खरं," म्हातारी म्हणाली, "पन तूई नाई आली ना. काम तं सरकार करते. घरी मानूस यावं लागते."

शोभाताई पारीवरून परत गेल्या आणि वाटेत गाडी थांबवून मुरूम कुठे खचलाय का ते बघून आल्या. हेमराज त्या गावाच्या मतांवर दणदणीत निवडून आला. बुधरामने गुलाल उधळला तो पारीवर उभं राहूनच, कारण गावात तेवढी एकच पक्की जागा होती.

आता हेमराज आमदार आहे. अधिवेशन लग्नसराईत भरवू नये, अशी त्याची शासनाकडे रास्त मागणी आहे. शोभाताई सुधारल्या आहेत. गेल्या महिन्यात त्या सिहोऱ्याच्या बाजूला चार लग्नांत दिसल्या, चारही ठिकाणी जेवल्या. पुढच्या वेळी त्या निवडून येतील असं जाणकारांचं मत आहे. त्या बाजूलाही एका तलावाची पार खचते आहे, पण त्याविषयी त्यांच्याकडे अजून कोणी पत्रिका घेऊन आलेलं नाही.

आणि आपण? आपल्या घरच्या शेवटच्या कार्यात कोण आलं नव्हतं, त्याचं नाव आपल्या अगदी तोंडावर आहे. आता आपल्या नळाला पाणी कोणी आणलं, त्याचं नाव सांगा.

राहू द्या. पत्रिका तेवढी पाठवा, भाऊ येतील. जेवूनच जातील.