खडीच्या रस्त्यावर डबलसीट

साहेब, रस्ता तुमच्या बापाचा नव्हता. अरबांच्या मुलखातल्या ह्या अभाच्या डोंगरातली खडी तुम्ही फोडली नाहीत, पसरली नाहीत, तिच्यावर रोलर फिरताना तुमच्या नाकात धूळ गेली नाही. तरी एसीत बसून तुम्ही नोटीस टाइप केलीत आणि मेसच्या दारावर चिकटवलीत: ‘पाइपलाइनीच्या रस्त्यावर कामगारांनी सायकल चालवू नये.’ कारण? कारण लिहायची तुम्हाला गरजच वाटली नाही.

गोपीनाथ धोपावकराने ती नोटीस चहाचा ग्लास हातात धरून वाचली आणि चहा गार होईपर्यंत तिथेच उभा राहिला. गोपीनाथ गुहागरचा, कंपनीत रस्ता सपाट करणारा ग्रेडर चालवायचा. समुद्राचं गोडं केलेलं पाणी डोंगरावर चढवणाऱ्या पाइपलाइनीलगतचा तो रस्ता त्याच्या पात्याखालून निघाला होता. दोन्ही बाजूंनी जुनिपरची जुनी झाडं, खाली दरी, दरीत ढग. शुक्रवारी सुट्टी, फाटक बंद, म्हणून गाडीघोडं काही नाही. आठवडाभर कंटेनरसारख्या खोल्यांत कोंबलेली पोरं शुक्रवारी तिथे चिनी सायकली घेऊन जायची आणि माणसं होऊन परत यायची.

“मी केलेल्या रस्त्यावर मलाच बंदी!” तो खोलीत येऊन म्हणाला.

त्याचा खोलीसोबती अशोक मेसमध्ये स्वयंपाकी होता, मूळ साताऱ्याचा. तो म्हणाला, “ताजमहाल बांधणाऱ्यांना तरी कुठं आत राहायला दिलं?”

“त्यांनी विचारलं नसेल. मी विचारणार.”

त्याने विचारलं. कॅम्पाचे साहेब मूळचे नाशिकचे, पण त्यांना मराठी फक्त शिव्या देताना आठवायची. त्यांनी त्याला नेमकं मराठीतच ऑफिसबाहेर काढलं असतं. पण तेवढ्यात दारात ज्युलियाँ नावाचा फ्रेंच इन्स्पेक्टर उभा राहिला. पाइपलाइन तपासायला आला होता आणि सामानात जाड टायरांची सायकल घेऊन आला होता. कॅम्पाने त्याचं पहिल्याच दिवशी जुलेसाहेब करून टाकलं होतं.

जुलेसाहेबांना खडीचा रस्ता हवा होता. त्यांच्या गावाकडे म्हणे डोंगर, जंगलं आणि त्यातून नुसत्या खडीच्या वाटा. दिवसभर सायकल मारा, एक मोटार दिसणार नाही. “असं जगात दुसरीकडे कुठे नाही,” ते म्हणाले.

गोपीनाथच्या कानाला ते झोंबलं. “सर, युवर फ्रान्स गुड,” तो म्हणाला. “माय रोड बेटर.”

दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, म्हणून ताबडतोब जमलं. पाहुण्याला नाही म्हणायची साहेबांची छाती नव्हती आणि रस्त्याची वळणं ठाऊक असलेला दुसरा माणूस नव्हता. मग साहेबांनी अट घातली: शुक्रवारी गोपीनाथने पाहुण्याला फिरवून आणायचं. पाहुणा न खरचटता परत आला तर बंदी रद्द. जरा जरी ओरखडा दिसला, तर कॅम्पातल्या सगळ्या सायकली साखळदंडाने बांधून स्टोअरमध्ये.

“कबूल,” गोपीनाथ म्हणाला. साऱ्या कॅम्पाच्या सायकली त्याने एका शब्दावर लावल्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो दसऱ्याने. दसरा आला गुरुवारी, म्हणजे सफरीच्या आदल्या दिवशी. आता दसऱ्याला ज्याच्यावर आपण बसतो त्याची पूजा करायची नाही, तर काय इन्शुरन्स काढायचा? गोपीनाथने आपली सायकल पुसून खोलीत घेतली. जुलेसाहेबांचीही ‘ऑइलिंग’ म्हणून मागून आणली. इथे पूजा उघड्यावर चालत नाही, म्हणून दार लावलं. हळद-कुंकू निघालं. पण झेंडू कुठून आणणार?

“बिनमाळेची पूजा?” अशोक म्हणाला. “आन् उद्या एवढी मोठी शर्त? बघ बाबा.”

शेवटी त्यानेच मेसमधून इथल्या बुरैदा गावचा खजूर आणला, मऊ, मधासारखा गळणारा. दोघांनी तो दाभणाने सुतळीत ओवला. दोन घसघशीत माळा झाल्या, दोन हँडलांवर चढल्या. खोलीभर असा घमघमाट सुटला की शेजारच्या खोलीतल्यांनी भिंत ठोकली.

सकाळी जुलेसाहेबांनी माळ पाहिली. “हे काय?”

“खजूर, सर. एनर्जी.”

जुलेसाहेबांनी दोन बोटं चाटली. फ्रान्समध्ये एवढी अक्कल कुणाला सुचली नाही, असं काहीसं ते बोलले. गोपीनाथ नुसता फुगला.

आणि रस्ता! काय सांगावं. सकाळचा गारवा, चाकाखाली खडीची एकसारखी करकर, जुनिपरच्या सावल्या. गोपीनाथ पुढे, हात करून दाखवत: “सर, हिअर लेफ्ट! हिअर लूज! हिअर नो ब्रेक!” कुठल्या वळणाला खडी सरकते, कुठे ढाळ कसा दिलाय, सगळं तो घरच्या अंगणासारखं दाखवत होता. माथ्यावर जुलेसाहेब थांबले. खालचे ढग डोळे भरून पाहिले. मग म्हणाले, “कुणी केला हा रस्ता?”

“मी,” गोपीनाथ म्हणाला. आयुष्यात एवढा छोटा शब्द त्याने एवढा मोठ्याने कधी उच्चारला नव्हता.

त्या ‘मी’ला उत्तर आलं ते झाडामागून. खोकल्यासारखं, पण माणसाचं नव्हे. रुपेरी आयाळीचा एक भला थोरला हुप्प्या बाहेर आला. त्याच्या मागे बायका. बायकांच्या पाठीवर पोरं.

“सर, नो प्रॉब्लेम,” गोपीनाथ म्हणाला. कोकणात त्याने वानरं लहानपणापासून हाकलली होती. त्याने टाळ्या वाजवल्या आणि “हाऽऽ हुर्र!” केलं. गुहागरचं वानर एवढ्यावर आंब्यावरून उतरून पळतं. हा नाकपुड्या फुगवत चार पावलं पुढे आला. त्याची नजर माळांवर होती.

“फेका त्या माळा!” जुलेसाहेब ओरडले.

“नो, सर! पूजेची माळ फेकत नसतात!”

“काय?”

“पाप! बिग पाप! सायकल मारा!”

दोघांनी उतारावर सायकली सोडल्या. मागून सगळी टोळी. खडीवर चाकं फरफटत होती, सुतळीला ताण बसून एकेक खजूर गळत होता, आणि गळेल तिथे टोळी थांबायची, खायची, पुन्हा दुप्पट जोमाने धावायची. म्हणजे जी वस्तू टाकून सुटायचं तीच थेंबथेंब वाटत हे दोघे साऱ्या डोंगराला आवतण देत निघाले होते.

दुसऱ्या वळणावर गोपीनाथची सायकल मागून एकदम जड झाली. त्याला वाटलं, टायर बसलं. मान वळवून पाहिलं, तर कॅरिअरवर रुपेरी आयाळीचे मालक मांडी घालून. तेवढ्यात एक केसाळ हात त्याच्या खांद्यावर आला, अगदी जत्रेला डबलसीट जाणाऱ्या मित्रासारखा.

त्या स्पर्शासरशी गोपीनाथचं धर्मज्ञान एकदम वाढलं. पूजा काल झाली, त्याच्या ध्यानात आलं. काल ती माळ होती, आज तो प्रसाद. आणि प्रसाद वाटायचाच असतो.

“घ्या, देवा,” तो म्हणाला आणि हँडलवरची माळ काढून मागे दिली. देवाने ती घेतली, गळ्यात घातली, खायला लागला. उतरला मात्र नाही. बसायला जागा चांगली होती.

कॅम्पाच्या फाटकाशी साहेब जीपला टेकून उभे होते. बाजूला फर्स्ट एडची पेटी, साखळदंड आणि तमाशा बघायला जमलेला कॅम्प. आधी जुलेसाहेब आले, केस उडालेले, डोळे चमकत, खदाखदा हसत. मग गोपीनाथ आणि त्याची सवारी. मग धुरळा आणि धुरळ्यात टोळी.

पोरं मेसमध्ये पळाली. साहेबांनी जीपचं दार ओढलं, ते उघडेना. ते बॉनेटवरून टपावर चढले, चढताना नडगी सोलवटली आणि पँट मागून टरकन फाटली. हुप्प्या कॅरिअरवरून उतरला, बॉनेटवर बसला आणि खालून साहेबांकडे बघत शांतपणे बिया थुंकू लागला.

“हाकल ह्याला! धोपावकर!”

“साहेब, पाहुण्याला बघा आधी. खरचटलंय कुठे?”

जुलेसाहेबांनी दोन्ही हात, दोन्ही पाय पुढे केले. एक ओरखडा नव्हता. “माझ्या गावाला हे सगळं आहे,” ते बॉनेटकडे बोट करून म्हणाले, “हा नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा?”

“ते वर विचारा, सर,” गोपीनाथ म्हणाला.

“मला लागलंय!” साहेब ओरडले. “रक्त आलंय!”

मेसच्या खिडकीतून अशोक म्हणाला, “अट पाहुण्याची हुती, सायेब. तुमची नव्हं.”

“तुम्हा दोघांना एक्झिट लावतो! उद्याच्या विमानात बसवतो!”

“लावा की,” गोपीनाथ म्हणाला. “पण सही करायला खाली उतरावं लागेल.”

मेसच्या सगळ्या खिडक्या हसल्या. गोपीनाथने सायकल सावकाश स्टँडला लावली, कपाळाचा घाम पुसला आणि मान वर केली. एवढ्या वर्षांत साहेबांशी बोलताना त्याची मान पहिल्यांदाच वर होती.

“साहेब, ह्या रस्त्याची खडी न् खडी आम्ही दाबलीय. कारणबिरण नको, नोटीसबिटीस नको. पोरांनी शुक्रवारी त्याच्यावर सायकल चालवायची की नाही? सगळा कॅम्प ऐकतोय. हो की नाही, तेवढं बोला.”