जावयासाठी रंगीत टीव्ही

"ह्यो गेमच बोगस हाय," आमचे जावई स्वतःशीच पुटपुटले. मी त्यांच्या मागेच पुरणाचं ताट घेऊन उभी होते, म्हणून ऐकू आलं. 

तसं जावई सांभाळण्यात माझा हात धरणारं सोनईत कोणी नाही. नव्व्याण्णव सालचा धोंड्याचा महिना होता. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे, अनारसे खाऊ घालायचे, ही झाली रीत. माझा बेत त्याच्या पुढचा होता. आमच्या माधुरीला नगरला कॉम्प्युटरचा क्लास करायचा होता आणि नवऱ्यापुढे विषय काढायला तिची जीभ रेटत नव्हती. मी म्हटलं, बिनघोर राहा. जावई पोटभर जेवला आणि मनासारखा जिंकला की विषय मी काढते. मग 'नाही' म्हणायची कोणाची बिशाद!

जिंकायची सोय आमच्या ह्यांनी केली होती. अधिकाचं वाण म्हणून जावयासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. वरून रंगीत गोळ्या पडतात, एका रंगाच्या तीन जुळल्या की फुटतात, एवढाच खेळ. आले त्या संध्याकाळी आमच्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर रविराजरावांनी सासऱ्याला असं धुतलं की विचारू नका. आम्हाला सगळ्या गोळ्या राखेत लोळून आल्यासारख्या दिसत. जावईबापू मात्र तांदळातले खडे निवडावेत तसे एकेक निवडत होते. म्हणाले, श्रीगोंद्याला त्यांच्या पतसंस्थेतल्या कॉम्प्युटरचा पडदाही असाच काळा-पांढरा आहे, त्यावर ते झोपेतसुद्धा खेळतात. खुशीत दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

इथे मला बुद्धी सुचली. काळ्या-पांढऱ्यावर एवढा खुलणारा माणूस रंगीतवर किती खुलेल! सकाळीच शेजारच्या राहीबाईंचा रंगीत टीव्ही मागितला. ह्यांनी आणि मी तो गल्लीतून मिरवत आणला, मांडवात नवरदेव आणावा तसा.

आणि जावई हरले. पुन्हा हरले. रंग दिसायला लागले तसा ह्यांना गेम सोपा झाला आणि रविराजरावांना अवघड. मी डोळे वटारले, तेव्हा हे मुद्दाम हरायला लागले. पण जावई त्यांच्याही आधी हरायचे. गेममध्ये सोपं-अवघड करायची सोय होती. अगदी बालवाडीच्या पायरीवर आणून ठेवला. तरी तेच. मी व्होल्टेजला दोष दिला, ह्यांनी गेमच्या रिमोटला, माधुरीने उन्हाळ्याला. तेव्हाच जावई ते 'बोगस' म्हणाले, आणि मागे वळून मला बघितलं.

"तुमी खेळा की, मामी."

मला हायसं वाटलं. जन्मात रिमोट हातात न धरलेली बाई मी. हरायला माझ्याइतकी लायक दुसरी कोण? पुरणाच्या हातांनी दिसेल ते बटण दाबत सुटले. गोळ्या फुटायला लागल्या. घाबरून आणखी दाबली, तर आणखी फुटल्या! "अगं, हर की," हे कानाशी कुजबुजले. मी हरायचा जिवापाड प्रयत्न केला. शेवटी टीव्हीने बँड वाजवला आणि पडद्यावर असे तारे उडाले, जशी काही मी पंचायत समिती जिंकले.

रविराजराव उठले. भूक नाही म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

धोंड्याच्या ताटाला पाठ फिरवलेला जावई! गाव काय म्हणेल ते सोडा, माधुरीचं तोंड बघवेना. ती वाढलेल्या धोंड्यांवर तूप ओतत होती. वाटी रिकामी झाली तरी ओततच होती. क्लास गेला, असंच आम्हा दोघींना वाटलं.

खरं म्हणजे जावयाचं काय होतंय ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मळ्यातून पिकलेले टोमॅटो आणायला सांगावेत, तर निम्मे कच्चे यायचे. आम्ही निमूट कच्च्यांची चटणी करायचो. जावयात खोट काढू नये म्हणतात, म्हणून घरात आपसातसुद्धा कोणी तोंडातून शब्द काढला नव्हता. फक्त टीव्ही आणताना माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, इतकंच.

मी ओट्यावर गेले. म्हटलं, रविराजराव, हा टीव्हीच बाद आहे, आपला जुना लावू. लगेच दारात येऊन हे म्हणाले, व्हय व्हय, जुनाच बरा. पाठोपाठ माधुरी म्हणाली, रंगीत डोळ्यांना त्रासच देतो. तिघांची एवढी घाई झाली की जावयाने मान वर केली आणि एकेकाचं तोंड निरखलं.

"म्हंजी तुमाला माहिताय."

ह्यांनी आत वळून उगाच टीव्हीची वायर गुंडाळायला घेतली.

"मला लाल-हिरवं सारखंच दिसतं, मामी. पहिल्यापासून. लग्न मोडंल म्हणून घरच्यांनी बोलू दिलं न्हाई." मग माधुरीकडे वळून हळूच विचारलं, "आपल्या साखरपुड्याला मी हिरवी साडी आणली हुती ना?"

"विटकरी होती," माधुरी म्हणाली. "मला आवडते ती."

जावई हसले, आत आले आणि ताटावर बसले. पहिला धोंडा गेला, दुसरा गेला. हीच वेळ म्हणून मी घसा साफ केला आणि आजकालच्या जमान्यात बायकांनीसुद्धा कसं काहीतरी शिकावं, इथून लांबून सुरुवात केली.

"आई, थांब," माधुरी म्हणाली. "अहो, मला नगरला कॉम्प्युटर शिकायला जायचंय."

रविराजरावांनी घास गिळला.

"मग जा की. एवढं इचारायला मामींनी टीव्ही वाहून आणला?"