कॅनडाला न जाता परत आलेली ग्लोरिबेल

"डॉक्टरी तपासणी झाली म्हणजे व्हिसा मिळाल्यातच जमा!" ग्लोरिबेलच्या आईने, नेनिताबाईंनी, अख्ख्या वस्तीला ठणकावून सांगितलं. जावई आर्नेल कॅनडात विनिपेगला बसून बायकोला बोलावून घ्यायचे कागद भरत होता. पण कॅनडा सरकारपेक्षा नेनिताबाईंनाच जास्त कळत होतं. त्यांनी तडक निरोपाची मेजवानी लावली. फिलिपिन्समधल्या त्यांच्या इलोइलोत परदेशी निघालेलं माणूस वस्तीला जेवू घातल्याशिवाय हलत नाही! अख्खं डुक्कर भाजलं, कराओके लागला, वस्तीचे प्रमुख कप्तान इलुमिनादो यांनी रडत रडत तीन गाणी म्हटली.

व्हिसा मात्र आला नाही. एक महिना गेला, दोन गेले. आर्नेल रोज फोनवर एकच पालुपद लावी, "अर्ज तपासणीत आहे असंच दाखवतंय गं." जेवून गेलेल्यांना आता तोंड कसं दाखवायचं? शेवटी आईने परस्पर जाहीर करून टाकलं, "गेली हो पोर! पहाटेच्या विमानाने!" आणि पोरीला मागच्या खोलीत दडवलं.

आठ महिने! ग्लोरिबेल उशीत तोंड खुपसून शिंकायला शिकली. शेजारणी अंगणात येऊन विचारत, "बर्फ पडला का हो तिकडे?"

"गुडघाभर!" आई सांगे. आत ग्लोरिबेल घामाने निथळत असे. तिला बर्फ नको होता की मिरवणं नको होतं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर ती जेमतेम एकोणीस दिवस राहिली होती. त्याच्यासमोर बसून दोन घास खायचे, एवढंच तिला हवं होतं.

मग कॅनडाच्या व्हिसा कार्यालयाचं पत्र आलं. जुन्या दाखल्यांची मुदत संपली. तीस दिवसांत वस्तीच्या प्रमुखांचा रहिवासी दाखला पाठवा, नाहीतर अर्ज बंद! मायलेकी छत्रीत तोंडं लपवून कचेरीत पोचल्या.

"तू तर कॅनडात आहेस!" कप्तान खुर्चीतून उठलेच.

"नाही हो कप्तान, मी इथेच आहे."

"कशी असशील? तुझ्या निरोपाचं डुक्कर मी स्वतः खाल्लंय!"

एवढ्यात खिडकीत पाचसहा शेजारणी उगवल्या. "अगं बाई, ग्लोरिबेल! कधी आलीस? आमच्यासाठी काय आणलंस?"

ग्लोरिबेलने आईकडे पाहिलं. आईने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"का... कालच!" ग्लोरिबेल म्हणाली.

"खोका जहाजाने येतोय," आईने ठोकून दिलं. "चॉकलेटं आहेत सगळ्यांना!"

"मग असं सांग ना!" कप्तानांचा जीव भांड्यात पडला. "उगाच घाबरवलंस पोरी!" त्यांनी दाखला खरडला, शिक्का मारला. खिडकीतल्या बायका दारापर्यंत पोचायच्या आत मायलेकींनी तो न वाचताच पाकिटात घातला आणि पोस्ट गाठलं.

इतके महिने झोपलेलं व्हिसा कार्यालय चौथ्या दिवशी जागं झालं! कप्तानांनी इमानेइतबारे लिहिलं होतं, 'कॅनडाहून नुकतीच परतलेली सदर महिला याच वस्तीत राहते.' कार्यालयाचा सवाल होता, व्हिसा नसताना आपण कॅनडात कशा आलात आणि कुठे राहिलात? लेखी खुलासा करावा. त्याची छाननी व्हायला दहा महिने लागतील.

पत्राची एक प्रत आर्नेललाही गेली होती. त्याचा फोन आला. रडवेल्या आवाजात तो म्हणाला,

"ग्लोरी, तू इथवर येऊन गेलीस, आणि मला भेटलीसुद्धा नाहीस?"