बिनगव्हाची लिपस्टिक

"लिपस्टिक ना, मी आणतो," असं मी सहज बोलून गेलो. (माझ्या आयुष्यातली सगळी संकटं मी काहीतरी सहज बोलून गेल्यावरच आलेली आहेत. लग्न धरून.)

त्याचं असं झालं. आमच्या हिला गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही, हे डॉक्टरांनी शोधून काढलं. तेव्हापासून घरातून पोळी गेली, ब्रेड गेला, आणि पुठ्ठ्याच्या चवीची बिस्किटं आली. तेवढ्यावर भागलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ओठाला लावलेलं पोटात जातंच, तेव्हा लिपस्टिक, टूथपेस्ट सगळं तपासून घ्या, असंही डॉक्टर म्हणाले. म्हणायला त्यांचं काय जातंय?

त्यात हिचं शनिवारी भाषण. ही नुकतीच मुख्याध्यापिका झालेली आणि सगळ्या पालकांसमोर पहिल्यांदाच उभी राहणार. मागच्या कार्यक्रमात आभार मानता मानता ही पोट धरून स्टेजवरून पळाली होती. लिपस्टिकचाच प्रताप.

"या वेळी पळाले तर पोरंसुद्धा हसतील मला," ही म्हणाली. "आणि ओठ कोरडे ठेवून मी जाणार नाही. आजारी दिसते मी."

तेव्हा मी 'आणतो' म्हणालो. एक लिपस्टिक आणायला काय मोठी अक्कल लागते, असं मला वाटलं होतं.

दुकानातल्या मुलीने पापण्यांवर इतका रंग चढवला होता की तिला माझ्याकडे बघायलाही कष्ट पडत होते.

"यात गहू आहे का?" मी विचारलं.

"गव्हाळ रंगाला एकदम सूट होते, सर."

"रंगाचं नाही हो. आत गहू आहे का?"

"ही मॅट आहे, सर."

"म्हणजे गहू नाही?"

"म्हणजे चमकत नाही." मग तिला माझी दया आली असावी. "सशांवर प्रयोग न केलेली दाखवू का?"

"सशांचं चांगलंच झालं. पण मला माझ्या बायकोवरही प्रयोग करायचा नाहीये."

तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं आणि फार हळू आवाजात, "मॅडमना घेऊन या ना," म्हणाला. वेड्या माणसाशी बोलतात तसा.

मग मी स्वतःच लेबलं वाचायला लागलो. ती अक्षरं मुंगीने मुंगीसाठी लिहिलेली असतात. फोनवर फोटो काढायचा, मोठा करायचा, डोळे ताणायचे. तेव्हा कळलं की बाटल्यांमध्ये गहू गहू म्हणून राहतच नाही, ट्रिटिकम असं लॅटिन नाव लावून राहतो. शांपूत ट्रिटिकम, क्रीममध्ये ट्रिटिकम, एका साबणातसुद्धा ट्रिटिकम. अंगाला फासायच्या वस्तूंत हे लोक गहू का घालतात, हे मला अजून कळलेलं नाही. माणसाला नंतर भाजायचा विचार असावा.

एका लिपस्टिकवर मात्र लॅटिनही नव्हतं आणि गहूही नव्हता. म्हणून कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"आपला प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे," पलीकडची बाई म्हणाली.

"तुमच्या लिपस्टिकमध्ये ग्लुटेन आहे का? हो की नाही?"

"मी आपल्या भावना समजू शकते."

"बाई, मी भावना कळवायला फोन केलेला नाही."

"सर, आम्ही ग्लुटेन घालत नाही. पण ते नसेलच असंही आम्ही म्हणत नाही."

मला धड ओरडताही येईना. मी स्वतः मिक्सरच्या कंपनीत तक्रार विभागात आहे, आणि 'मिक्सर बिघडत नाही, पण बिघडणारच नाही असंही आम्ही म्हणत नाही' हे वाक्य माझंच आहे. त्यावर मला बढती मिळाली होती. मी बाईंना धन्यवाद दिले आणि फोन ठेवला.

शेवटी रस्त्यापलीकडच्या औषधवाल्याने माझं निम्मं वाक्य ऐकलं आणि कंटाळलेल्या चेहऱ्याने एक टूथपेस्ट पुढे केली. त्यावर चक्क ठळक अक्षरांत 'ग्लुटेन फ्री' लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी त्याने तसाच साबण मागवून दिला आणि गुरुवारी लिपस्टिक. मी रोज जिंकून घरी यायचो.

आणि हिचं पोट रोज जास्तच बिघडत गेलं. शुक्रवारी संध्याकाळी ही भाषणाचे कागद मांडीवर घेऊन रडायलाच लागली.

"उपमुख्याध्यापकांना सांगते, तुम्ही बोला म्हणून. परत पळायची हिंमत नाही माझ्यात."

मला इतकं वाईट वाटलं की मी लिपस्टिक कचऱ्यात टाकायला निघालो. पण मदतीला आलेल्या सासूबाईंनी मला हाताने थांबवलं.

"दुखायला कधी लागतं गं?" त्यांनी विचारलं.

"हे काही घेऊन आले की."

"म्हणजे त्या वस्तूतच काहीतरी असणार."

"वस्तू अजून उघडल्याच नाहीत मी. सगळ्या एकदम शनिवारी वापरायच्या म्हणून ठेवल्यात."

सासूबाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग वस्तू देता-घेताना काय होतं?"

ही एकदम लाल झाली. मी पंख्याकडे बघायला लागलो. (वस्तू हातात पडली की ही खूश होऊन जवळ यायची, आणि मीही काही मागे सरणारा माणूस नाही. सासूबाईंना हे कसं सांगणार?)

सांगावं लागलंच नाही.

"जावईबापू," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मिशीला काय लावता तुम्ही?"

मी आत जाऊन मलमाची डबी आणली. मिशीची टोकं वर राहावीत म्हणून मी ते लावतो. घरातली एवढी एकच वस्तू मी तपासली नव्हती, कारण कॉस्मेटिक म्हणजे बायकांचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. पहिल्याच ओळीत होतं, ट्रिटिकम. म्हणजे आठवडाभर मी बाहेरचा गहू अडवत होतो आणि आतून स्वतःच पोचवत होतो.

त्याच संध्याकाळी मी मिशी काढली. कॉलेजपासूनची होती.

शनिवारी ही नवी लिपस्टिक लावून स्टेजवर उभी राहिली. एकदाही अडखळली नाही, एकदाही पोटाकडे हात गेला नाही. पालक उठून टाळ्या वाजवत होते, आणि मी सगळ्यांत जोरात वाजवत होतो. मला खरंच भरून आलं होतं.

घरी आल्यावर सासूबाई समजूतदारपणे आत निघून गेल्या. आता घरात गव्हाचा कणही नव्हता. मी हक्काने पुढे झालो. हिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, दिव्याकडे वळवला आणि बराच वेळ नीट बघितला.

"अहो," ही शांतपणे म्हणाली, "तुम्ही मिशी परत ठेवा. पोटाचं मी बघते."