फटाकडीने ओ दिली

फटाकडी हा पाणथळीतला पक्षी कोणाला दिसत नाही, ही बाब शासनाच्या निदर्शनास आली होती. पनवेलच्या खाडीलगतच्या लव्हाळ्यात ती राहते असे म्हणत. तिथेच भराव टाकून इमारती उठायच्या होत्या. फटाकडी असल्याचे सिद्ध झाले, तर भराव थांबणार होता. त्या चिखलातले निवटे मासे विकून घर चालवणाऱ्या ठमाबाईचा जीव त्यामुळे टांगणीला लागला.

पाहणी निःपक्षपाती व्हावी म्हणून दोन पथके नेमली आणि ती एकमेकांपासून गुप्त ठेवली. पूर्वेला संशोधक अनुया, पश्चिमेला बिल्डरचा तज्ज्ञ इमाद. पद्धत शास्त्रीय होती. स्पीकरवर फटाकडीचा आवाज लावायचा आणि जी ओ देईल ती मोजायची.

अनुयाने आवाज लावला. लव्हाळ्यापलीकडून लगेच ओ आली. तिचे डोळे भरून आले. पलीकडे इमादला ओ ऐकून घाम फुटला, पण माणूस प्रामाणिक, त्यानेही मोजली.

पाहणी होईपर्यंत भराव थांबवण्याची तरतूद नव्हती. माती दोन्हीकडून पुढे आली, तशी पथकेही आत सरकली. ओ रोज जास्त ठणठणीत येऊ लागली. पक्षी वाढल्याची नोंद दोघांनीही केली. शेवटी लव्हाळा इतका विरळ झाला, की अनुयाला फटाकडी दिसली. तिने टोपी घातली होती आणि हातात स्पीकर होता.

"या अल्लाह," फटाकडी म्हणाली, "मॅडम, इतके दिवस तुम्हीच?"

अनुया ठमाबाईला घेऊन तडक पाहणी नेमणाऱ्या साहेबांकडे गेली.

"सर, तिथे फटाकडी नाहीच!"

"मग भराव थांबवायचा कोणासाठी?"

"आणि असली तर?"

"तर ती भरावामुळेच वाढली. आता थांबवून तिचं नुकसान करायचं का?"

"सायेब," ठमाबाई म्हणाली, "माजे निवटे तं रोज दिसतान. ते मोजाला कुनीच कसा नाय आला?"

"बाई, दिसतं ते दुर्मिळ नसतं," साहेबांनी नियम समजावला.

आता तिथे 'फटाकडी हाइट्स' आहे. निसर्ग जवळ वाटावा म्हणून बागेतल्या स्पीकरवर पहाटे तोच आवाज लागतो. परवा तुम्ही बाल्कनीतून त्याची क्लिप ग्रुपवर टाकलीत, 'आमच्याकडे अजून पक्षी आहेत' म्हणून. शेजारच्या टॉवरमधून तिला ओ आल्याचेही कळवलेत. क्लिप छान आली. मागे फरशी पुसणाऱ्या ठमाबाईला तुम्ही वेळीच म्हणालात, "शूऽऽ, बादली वाजवू नका, पक्षी उडेल."